कोठीची रेसिडेन्सी आणि शर्फुन्निसाची नात

हैदराबादमधल्या कोठीच्या रेसिडेन्सीचे उजळलेले खांब, दरबार हॉलचं छत आणि पायऱ्यांशेजारचे सिंह एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले आहेत. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलेली ही इमारत २०२३ मध्ये पुन्हा माणसांनी बघावी अशी झाली. त्या बातम्यांबरोबर एक वाक्यही फिरू लागलं : इंग्रज रेझिडेंटने आपल्या हैदराबादी बेगमेसाठी उभारलेलं प्रेमाचं स्मारक. दुसरा ताजमहाल, असंही लोक म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही.

ही इमारत ईस्ट इंडिया कंपनीचा दबदबा दाखवायला बांधली गेली. सॅम्युअल रसेल या लष्करी इंजिनिअरने ती आखली, खर्च निजामाने उचलला आणि काम १८०३ च्या सुमारास सुरू झालं. ती बेगम, खैरुन्निसा, या खांबांमागे राहिलीच नाही. तिचं बिऱ्हाड मागच्या आवारात, रंगमहालात होतं, आणि तो १८६० च्या सुमारास पाडून टाकला गेला. आज तिच्या नावाने दाखवतात ती बागेतली रेसिडेन्सीची प्रतिकृती. तीच दर्शनी बाजू, तेच खांब, सगळं इवलंसं. पडद्यामुळे बेगमेला समोरून इमारत बघता येईना, म्हणून नवऱ्याने ती करवून घेतली, असं सांगतात. स्मारकच म्हणायचं तर एवढंच.

विल्यम डॅलरिंपल यांचं ‘व्हाइट मुघल्स’ हे पुस्तक २००२ मध्ये आलं आणि ही हकिगत जगभर गेली. जेम्स अचिलीस कर्कपॅट्रिक, निजामाच्या दरबारातला कंपनीचा रेझिडेंट. १७९८ चा तैनाती फौजेचा तह त्यानेच जमवला. त्याच वर्षाअखेरीस खैरुन्निसाच्या बहिणीच्या लग्नात तिने त्याला पडद्याआडून पाहिलं. तिचे आजोबा बाकर अली खान हे कंपनीच्या फौजेचे बक्षी, घराणं इराणी मुळाचं आणि सय्यद. नात एका अमीर घराण्यात देऊ केलेली. तिने ते लग्न नाकारलं. तिला दिवस गेले, आणि १८०० संपता संपता किंवा १८०१ च्या सुरुवातीला कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारून तिच्याशी निकाह लावला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ती तेव्हा चौदाच्या आसपास होती आणि तो पस्तिशी ओलांडलेला. तीच आपणहून आली, मी स्वतःला आवरत होतो, ही सगळी कहाणी कर्कपॅट्रिकने भावाला लिहिलेल्या पत्रांतली आहे. तिची बाजू जवळजवळ सगळी पुरुषांच्या कागदांतूनच आपल्यापर्यंत येते. म्हणून या प्रकरणाला ‘अमर प्रेम’ म्हणून मोकळं होताना माझा हात अडतो.

पण मला या हकिगतीत धरून ठेवते ती खैरुन्निसाची आई, शर्फुन्निसा. नवरा गेलेला, दोन मुली घेऊन वडिलांच्या घरी राहिलेली. बाप कुटुंबप्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. अशा घरात राहून तिने आणि तिच्या आईने मुलीच्या मनासारखं होऊ दिलं, नव्हे, घडवून आणलं. मुलीसाठी बापाविरुद्ध उभी राहिलेली ही बाई आपल्या प्रेमकथांच्या सांगण्यात दोन ओळींत उरकली जाते.

घराण्याचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखाच होता. आजोबांना सय्यदांच्या इभ्रतीची काळजी, तर गव्हर्नर जनरल वेलस्लीला कंपनीच्या. आपला रेझिडेंट निजामाच्या सरदारांत सोयरीक करतो म्हणजे तो कुणाच्या बाजूचा, असं विचारून त्याने चौकशी लावली. कर्कपॅट्रिकची नोकरी वाचली, मुलं मात्र सुटली नाहीत. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या काळात, १७९१ मध्ये, हिंदी आईच्या पोटच्या मुलांना कंपनीच्या नोकरीची दारं बंद झाली होती. मुलांना काही भवितव्य द्यायचं तर विलायतेला पाठवणं भाग होतं. १८०५ मध्ये चार वर्षांचा साहिब आलम आणि तीन वर्षांची साहिब बेगम जहाजावर चढली. निघण्याआधी चित्रकार जॉर्ज चिनरीने दोघांचं हैदराबादी पोशाखातलं चित्र काढलं. तिकडे बाप्तिस्मा होऊन ती विल्यम जॉर्ज आणि कॅथरिन अरोरा झाली. १८०५ च्याच १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. खैरुन्निसा तेव्हा एकोणीस वर्षांची.

घराण्याने अडवलेल्या प्रेमाची अशीच गोष्ट सांगणारी, स्पॅनिशमध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केसची १९८५ ची कॉलऱ्याच्या काळातल्या प्रेमाची कादंबरी आहे. तारखात्यातला गरीब पोरगा फ्लोरेंतिनो आणि फर्मिना. मुलीला बड्या घरी द्यायची म्हणून बाप तिला लांबच्या प्रवासाला नेतो, आणि तारा पोचतच राहतात. हे मार्केसच्या आईवडिलांच्याच आयुष्यातून आलेलं. तारमास्तर जावई आईच्या कर्नल बापाला नको होता. पण त्या दोघांचं लग्न झालं, आणि कादंबरीतल्या दोघांनाही म्हातारपणी का होईना बोटीवर एकत्र जागा मिळते. हैदराबादच्या मुलीला ती मुभा मिळाली नाही.

नवऱ्याचाच मदतनीस हेन्री रसेल तिला आधार देत देत जवळ आला, आणि मग दूर झाला. त्याने मद्रासला दुसरीशी लग्न केलं. तिच्या घराण्यातला, तेव्हाचा दिवाण मीर आलम तिला हैदराबादेत पाऊल ठेवू देईना. मछलीपट्टणला ती अडकून पडली. मीर आलम गेल्यावर ती परतली आणि १८१३ मध्ये, सत्तावीस वर्षांची असताना, वारली. तोवर रसेल याच रेसिडेन्सीत रेझिडेंट होऊन बसला होता. मुलं तिला पुन्हा दिसली नाहीत.

पुढच्या पिढीत तेच नाटक उलटं घडलं. इंग्लंडमध्ये वाढलेली कॅथरिन, म्हणजे किटी, देखणी आणि पैसेवाली. तिच्या नात्यातल्या बुलर कुटुंबात मुलांना शिकवायला एक स्कॉटिश तरुण होता, गवंड्याचा मुलगा, टॉमस कार्लाइल. तो तिच्यावर भाळला. शिकवणी घेणाऱ्याची तिच्याशी सोयरीक व्हावी, हे त्या वर्तुळात कुणाच्या मनातही येणारं नव्हतं. त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’मधली ब्लुमिन, नायकाला सोडून वरच्या वर्गात लग्न करणारी, ती किटीवरूनच घेतली असं बरेच अभ्यासक मानतात. किटीने १८२९ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. विद्वानांचा रस इथेच संपतो. माझा इथे सुरू होतो.

एकदा हेन्री रसेलच्याच घरी किटीने भिंतीवर चिनरीचं ते चित्र पाहिलं आणि तिला रडू आवरेना. पुढे तिला कळलं की आजी जिवंत आहे. १८४१ पासून दोघींची पत्रं सुरू झाली. इंग्रजीतून लिहिणारी नात आणि फारसीतून उत्तर लिहवून घेणारी, सत्तरी ओलांडलेली शर्फुन्निसा. तिची जहागीर तोवर हातची गेली होती. १८४७ मध्ये ती वारली. दोघींची भेट झाली नाही.

रेसिडेन्सीच्या शेजारचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथे खरेदीला जाणाऱ्या, विवेकवर्धिनी शाळेत शिकलेल्या इथल्या मराठी माणसांना रेसिडेन्सीची भिंत रोजची आहे. त्या भिंतीच्या आत आज मुलींचं विद्यापीठ आहे आणि २०२४ पासून त्याला चाकली ऐलम्मांचं नाव आहे. जमिनीसाठी लढलेल्या परीट बाईचं नाव तिथे लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या विद्यापीठाने आता एक करावं. पाहुण्यांना जिथे ‘प्रेमाचं स्मारक’ दाखवलं जातं, तिथे शर्फुन्निसा, खैरुन्निसा आणि किटी ही तिन्ही नावं ठळक लिहावीत, आणि त्यांच्याखाली आजी-नातीच्या पत्रांची हकिगत तेलुगू, उर्दू आणि मराठीत लावावी.