वजन उतरवा, हाडं नको!



"गुडघे दुखतात? वजन कमी करा," डॉक्टर सांगतात. मग साठीची आई रात्रीचं जेवणच सोडते. दूध नातवाला, अंडं मुलाला. वजन उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात. पाळी गेल्यावर हाडं आधीच वेगाने विरळ होतात. त्यात पोटाला चिमटा घेतला, तर मोरीत पाय घसरायचं निमित्त होतं आणि खुबा मोडतो.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं. बाकीचं दूध-दही, तीळ आणि काट्यासकट खायचे बारीक मासे यांतून मिळवा. कमी करायचं ते साखर, तळण, बिस्किटं. डाळ, हरभरा, अंडं सोडू नका. रोज चाला, थोडं उन्हात बसा. पाठ वाकली, उंची घटली तर सरकारी दवाखान्यात दाखवा.

तथागतांनी देह सुकवणारी उपासमार सोडून मध्यम मार्ग धरला. पौर्णिमेचा उपोसथ जरूर पाळा. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण आपल्या ताटातला घास रोज सोडणं म्हणजे शील नव्हे.