'नको' पचवायला शिका!

विक्रेत्याच्या नोकरीचे नाव निघाले की आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही कपाळाला आठी पडते. "एवढा बी. कॉम. झालास, तो काय दारोदार हिंडायला?" असे आई विचारते, आणि वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. खुर्चीत बसतो तो साहेब आणि पिशवी घेऊन फिरतो तो फिरस्ता, अशी आपली समजूत! या समजुतीला खुद्द खानदेशातच एक खणखणीत उत्तर मिळाले आहे.

जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेले भवरलाल जैन वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर. सरकारी नोकरीची वाट सोडून त्यांनी १९६३ साली घरातल्या साठवणीच्या ७,००० रुपयांवर धंदा मांडला, आणि तो कसला? हातगाडीवरून रॉकेल विकण्याचा! पुढे बियाणे, खते, ट्रॅक्टर अशा शेतकऱ्याच्या गरजेच्या वस्तू आल्या. १९७८ साली केळीची पूड करण्याचा जुना कारखाना घेऊन त्यात कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात झाली. १९८० साली पीव्हीसी नळ्या आल्या, आणि मग ठिबक सिंचन. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ साली ते निवर्तले.

यातली खरी परीक्षा ठिबकाची. केळीच्या बागेत पाटाचे पाणी खळखळत गेले की ज्याच्या जिवाला समाधान, त्याला "थेंब थेंब पाणी पुरे" हे पटवायचे कसे? बरे, नुसती नळी गळ्यात मारली तर छिद्रे गाळाने बुजतात, झाडे सुकतात, आणि मग विक्रेत्याला त्या गावची वाट बंद होते. म्हणून जमिनीची मोजणी, आखणी, जोडणी आणि पिकाचा सल्ला हे सारे नळीबरोबर द्यावे लागले. शेतकरी नळी विकत घेत नाही, तो भरदार घड विकत घेतो. हे ज्याला उमगले तो विक्रेता.

तरुण विक्रेत्याने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, दिवसभरात ऐकलेले 'नको' संध्याकाळी वहीत मांडावे. 'नको' तीन जातींचे असते: पैसा नाही, विश्वास नाही, किंवा गरज नाही. पैसा नसेल तर हंगाम पाहून पुन्हा जावे. विश्वास नसेल तर जवळच्या गावातले चालते काम दाखवावे. आणि गरजच नसेल तर रामराम करून उठावे. गरज नसलेल्याला माल विकणे ही हुशारी नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची. धुळ्याकडच्या खेड्यात अहिराणीचे चार शब्द जे काम करतात, ते रंगीत माहितीपत्रक करीत नाही. रावेर-यावलकडे जावे तर बोलीचा थाट निराळा. आधी ऐकावे, मग बोलावे.

तिसरी, विक्री झाल्यावर पुन्हा एकदा जावे. मागायला काही नसताना दारी आलेला माणूस गिऱ्हाईक विसरत नाही.

मात्र उमेद हे सर्व रोगांवरचे औषध समजू नये. जैन यांच्या पश्चात, २०१९ साली, त्यांची कंपनी कर्जाच्या फेडीत अडकली आणि तिला कर्जाची फेरमांडणी करावी लागली. विकण्याची हिंमत आणि हिशेबाची शिस्त या जुळ्या बहिणी आहेत; एकीला घरात घेऊन दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवता येत नाही.

आणि आईवडिलांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलगा दिवसभर उन्हात फिरून रात्री शेवटच्या एस. टी.ने घरी येतो, तेव्हा "आज किती खपले?" हा प्रश्न त्याला साहेबाने आधीच विचारलेला असतो. तुम्ही त्याला "आज कोण कोण भेटले?" एवढेच विचारा. त्या उत्तरातच त्याची खरी कमाई तुम्हाला कळेल.