खाऱ्या मातीसाठी काचनळीतील भात

भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की कोकणातील खारजमिनीत भाताचे रोप करपते. मुळांशी पाणी असूनही क्षारांमुळे ते शोषता येत नाही. अशा मातीत तगणारे वाण प्रयोगशाळेत कसे घडते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

संकरित रोपाच्या संततीत गुण विखुरतात. ते स्थिर होण्यास अनेक पिढ्या जातात. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांतून रोपे वाढवून नवी वाट दाखविली. १९६८ साली जपानमध्ये भातातही हे साधले.

क्षारसहनशील वाणाशी संकर केलेले भात पोटरीवर आले की त्याचे कोवळे परागकोश काढून निर्जंतुक पोषक माध्यमावर ठेवतात. परागकणांपासून प्रथम पेशींचा गोळा व त्यातून रोपे तयार होतात. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट झाला की दोन्ही संच हुबेहूब सारखे होतात. म्हणून गुण एकाच पिढीत स्थिरावतात. फिलिपाईन्समध्ये १९९५ साली प्रसारित झालेले ‘बिकोल’ हे क्षारसहनशील वाण याच रीतीने सिद्ध झाले.

तथापि पुष्कळ रोपे हरितद्रव्याविना पांढरीच निघून मरतात. उरलेल्यांतील कोणती क्षार सोसतील, याचा निवाडा काचनळीत होत नाही. त्यासाठी खाऱ्या चिखलातच लावणी करावी लागते. तो चिखल लहानपणापासून तुडविलेली मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या या प्रयोगशाळेत उभे राहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.