विश्लेषण : कोठडीत मृत्यू झाला, तर जाब कोणाला विचारायचा?

परभणीत कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. तो आदेश निघायला साडेसहा महिने लागले आणि निघाल्यावर राज्य सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, तोवर तो परभणीचाच भाग होता. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमतची अनेक मुले आजही शिक्षणासाठी परभणीला जातात. त्यामुळे हे प्रकरण इथल्या घरांना शेजारचे वाटत नाही, आपलेच वाटते. कोठडीत माणूस दगावला तर कायद्याने काय व्हायला हवे आणि ते कुठे अडते, याविषयी…

परभणीत काय घडले?

परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी एका व्यक्तीने विटंबना केली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारण्यात आला, त्याला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड सुरू केली. अटक झालेल्यांत सोमनाथ होते. आधी पोलीस कोठडी आणि मग न्यायालयीन कोठडी असा प्रवास होऊन ते कारागृहात पोहोचले. १५ तारखेला सकाळी त्यांना रुग्णालयात नेण्यात आले, तेव्हा सारे संपले होते.

शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण प्राथमिक अभिप्रायात नोंदवले गेले. पाच दिवसांनी, २० डिसेंबरला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केले. मारहाण झाल्याचे सोमनाथ यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर नाकारले होते, सीसीटीव्ही चित्रणात मारहाण दिसत नाही आणि त्यांना श्वसनाचा आजार होता, असे त्यांनी सभागृहात सांगितले. सोबत न्यायालयीन चौकशी आणि १० लाख रुपयांची मदत जाहीर झाली. कुटुंबाने ती मदत नाकारली.

एका बाजूला वैद्यकीय कागद आणि दुसऱ्या बाजूला सभागृहातील निवेदन, अशी ही विसंगती होती. चौकशी पूर्ण होण्याआधीच सरकारने मृत्यूच्या कारणाकडे बोट दाखवले. त्याच सरकारचे पोलीस पुढे तपास करणार असतील, तर कुटुंबाने विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

‘मारहाण झाली का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’च का येते?

अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच तशी तरतूद आहे. तिथे विचारले जाते, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? ज्यांनी आणले तेच पोलीस त्या वेळी दोन हातांवर उभे असतात आणि पोलीस कोठडी वाढली, तर त्यांच्यासोबतच ठाण्यात परतायचे असते. कोर्टाच्या आवारात ज्याने एक सकाळ घालवली आहे, त्याला या ‘नाही’चे वजन सांगावे लागत नाही. म्हणून केवळ हे उत्तर पुरेसे मानू नये आणि वैद्यकीय तपासणीचा कागद त्यासोबत वाचला जावा, ही अपेक्षा रास्त आहे.

पोलीस कोठडीत (बोलीभाषेत पीसीआर) आरोपी ठाण्याच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडीत (एमसीआर) तो कारागृहाच्या ताब्यात जातो. मृत्यू कारागृहात झाला की ‘आमच्याकडे असताना काही झाले नव्हते’ म्हणायला ठाणे मोकळे होते आणि ‘आमच्याकडे आला तेव्हाच तसा होता’ म्हणायला कारागृह. कारागृहात प्रवेश देताना होणारी तपासणी आणि जखमांची नोंद म्हणूनच कळीची ठरते.

कबुली पुराव्यात चालत नाही, मग मारहाण कशासाठी?

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून ठरलेले आहे. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम २३ तेच सांगते. पण त्याला एक पळवाट आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून शस्त्र किंवा चोरीचा माल सापडला, तर त्या माहितीपुरता भाग पुराव्यात येतो. ‘मुद्देमाल काढून दिला’ या तीन शब्दांसाठी कोठडीतली रात्र वापरली जाते. तपासाची साधने तुटपुंजी, मनुष्यबळ कमी आणि ‘गुन्हा उघडकीस आणा’ हा वरचा तगादा. या कात्रीत सापडलेला हवालदारही सुखी नसतो, हे खरे. पण त्याची किंमत आरोपीच्या अंगावर वसूल होते.

हिंगोलीच्या संदर्भात एक जुनी आठवण इथे लागू पडते. निजामाच्या राज्यात हिंगोली ही लष्करी छावणी होती आणि १८३३ च्या सुमारास ठगांविरुद्धच्या मोहिमेचे हे एक ठाणे होते. ती मोहीम मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवर चालली. माणसाच्या तोंडून पुरावा काढण्याची आपल्या तपास यंत्रणेची सवय तशी जुनीच आहे.

कोठडीत मृत्यू झाल्यास कायदा काय सांगतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १९६ नुसार, कोठडीत मृत्यू झाला, व्यक्ती बेपत्ता झाली किंवा महिलेवर बलात्काराचा आरोप झाला, तर पोलीस तपासाव्यतिरिक्त दंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करणे बंधनकारक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली होती. याशिवाय मृत्यूची माहिती २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावी लागते. आयोगाने १९९३ मध्येच तसे निर्देश दिले आहेत.

अटकेच्या वेळचे नियम डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिले. अटकेचा कागद जागेवरच तयार करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, नातेवाइकांना कळवायचे, आरोपीने मागणी केल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमा नोंदवायच्या आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची, असे ते नियम आहेत. यातील बराचसा भाग आता कायद्यातच आला आहे. धरपकडीच्या रात्री, जेव्हा एकाच वेळी अनेकांना उचलले जाते, तेव्हा नेमके हेच कागद घाईने भरले जातात किंवा मागाहून तयार होतात. पुढे न्यायालयात सगळे प्रकरण त्याच कागदांवर उभे राहते.

मग घोडे कुठे अडते?

कलम १९६ चौकशी करायला सांगते. चौकशी अहवालात पोलिसांवर ठपका आला तर पुढे काय, याबद्दल ते गप्प आहे. परभणी प्रकरणाचे महत्त्व इथे आहे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष निघाला आणि हा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगापुढे गेला. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. आईने केलेली तक्रार तशीच पडून होती. कुटुंबाच्या वतीने प्रकाश आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात बाजू मांडली. अहवालानंतरची कार्यपद्धती कायद्यात नाही, म्हणून न्यायालयानेच मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावीत, अशी मागणी त्यांनी केली.

न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी मोंढा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्याचे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्याचे आदेश दिले. राज्य सरकारने याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला ते फेटाळले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले होते. घरफोडीची फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला जो नियम लागू होतो, तो कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला लागू व्हायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

गुन्हा नोंदवणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे स्पष्ट असावे. तपास, दोषारोपपत्र आणि खटला हे टप्पे त्यापुढचे आहेत.

गुन्हा नोंदवल्यावर तरी मार्ग मोकळा होतो का?

याचे उत्तरही परभणीनेच एकदा अनुभवले आहे. परभणीचा २७ वर्षांचा संगणक अभियंता ख्वाजा युनूस याला घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये, त्याला औरंगाबादला नेत असताना गाडी दरीत कोसळली आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. सहआरोपीने मात्र कोठडीत त्याला झालेली अमानुष मारहाण पाहिल्याचे न्यायालयात सांगितले. पळून गेलेला हा तरुण पुन्हा कोणालाच दिसला नाही. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने १४ पोलिसांवर ठपका ठेवला. त्यातील चौघांवरच खटला चालवायला सरकारने मंजुरी दिली. त्या चौघांतील सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. दोन दशके उलटूनही खटला संपला नव्हता. ज्या स्फोटाच्या आरोपाखाली युनूसला पकडले होते, त्या प्रकरणातील आरोपी २००५ मध्येच निर्दोष सुटले.

‘पळून गेला’ ही कहाणी महाराष्ट्राने पुन्हा ऐकली. सांगलीत २०१७ मध्ये कोठडीत मरण पावलेल्या तरुणाचा मृतदेह पोलिसांनी आंबोलीत नेऊन जाळल्याचे उघड झाले. तो पळाल्याची नोंद त्याआधी झाली होती.

सरकारी मंजुरीची ही अट लोकसेवकांना खोट्या खटल्यांपासून वाचवण्यासाठी आहे. व्यवहारात ती ढाल झाली. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये मात्र एक चांगली सुधारणा आहे. मंजुरीच्या मागणीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाल्याचे मानले जाईल. त्याच संहितेत उलट दिशेचाही बदल आहे. १५ दिवसांची पोलीस कोठडी आता सलग घेण्याची गरज नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यातुकड्याने मागता येते. म्हणजे कारागृहात गेलेला आरोपी पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. दंडाधिकाऱ्यांपुढे तोंड उघडण्याआधी तो याचाही विचार करील.

पुराव्याचा भार कोणावर असतो?

आरोप करणाऱ्यावर. कोठडीच्या चार भिंतींत साक्षीदार असतात ते पोलीस आणि इतर आरोपी. कोठडीत झालेल्या जखमा पोलिसांनीच केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, यासाठी पुरावा कायद्यात नवे कलम घालण्याची शिफारस विधी आयोगाने ११३ व्या अहवालात १९८५ मध्ये केली. ती आजवर अमलात आलेली नाही. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा तसा कायदा सुचवला. तोही कपाटात आहे.

राहता राहिले सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा सगळीकडे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रण १८ महिने, तशी यंत्रणा नसल्यास किमान एक वर्ष, जपण्याचे आदेश दिले. कॅमेरे बंद असण्याच्या प्रश्नाची न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून अंमलबजावणी कशी झाली ते कळते.

घरच्या माणसाला पोलिसांनी नेले, तर नातेवाइकांनी काय करावे?

कोणत्या ठाण्यात नेले आणि कोणत्या गुन्ह्यात, हे आधी विचारावे. बीएनएसएसच्या कलम ३७ नुसार जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात ही माहिती देणारा अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि अटक केलेल्यांची नावे ठळकपणे लावावी लागतात. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मारहाणीचा संशय असेल तर वैद्यकीय तपासणीची मागणी वकिलामार्फत लेखी करावी आणि चित्रण जपून ठेवण्याचा अर्जही लगेच द्यावा. वर्ष उलटले की ते पुसले जाण्याची भीती असते. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती, माहिती अधिकार कायद्यानुसार ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात तसे स्पष्ट लिहिलेले बरे, नाहीतर तो ३० दिवसांच्या ढिगात जातो. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी आणि पोच जपावी. परभणीच्या प्रकरणात उच्च न्यायालयापुढे अखेर कामी आली ती मृत्यूनंतर लगेच दिलेली आईची लेखी तक्रारच.