फडावरच्या लेकराचा श्वास मोजा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आजचा विषय निराळा आहे, पण आहे आपल्याच फडातला.

गेल्या हंगामात ऐन थंडीत आम्ही एका सभासदाच्या फडावर तोड पाहायला गेलो होतो. बांधाकडेच्या कोपीत आठ महिन्यांचे पोर खोकत होते. राखणीला सहा वर्षांची बहीण. आई मोळ्या बांधत होती. "बाई, पोराला दवाखान्यात दाखवा," एवढे बोलून आम्ही पुढच्या प्लॉटला निघालो. त्या सांजेला ट्रॉली भरायची होती. दुसऱ्या दिवशी खाड्याचे भय. तिसऱ्या दिवशी पोराची छाती भात्यासारखी चालू लागली, तेव्हा सभासदांनी स्वतःच्या जीपमधून सरकारी रुग्णालयात नेले. ऑक्सिजन लावावा लागला. पोर वाचले, पण ते आमच्या शहाणपणाने नव्हे. ते दोन दिवस आम्हाला अजून बोचतात.

दवाखाना तेथून फार लांब नव्हता. पण टोळी पहाटे फडात जाते आणि परत येते तेव्हा बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. कुटुंब परगावचे, म्हणून आशाताईंच्या यादीत नाही. एक दिवस मोडला तर मजुरी बुडते. मग दुकानातली खोकल्याची बाटली आणली जाते. बाटलीने न्यूमोनिया बरा होत नाही, वेळ मात्र जातो.

खोडकिडीचे पोंगे मोजल्याशिवाय आम्ही औषध सांगत नाही. तसेच येथेही मोजायचे आहे. खोकला असलेले मूल शांत असताना, रडत नसताना, अंगडे वर करा. पोट-छातीची हालचाल घड्याळ लावून पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला तर थेट रुग्णालयातच न्या. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल, आकडी आली असेल किंवा ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

वेळेवर औषध मिळाले तर काय होते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ साली ५८ गावांत गावचेच आरोग्यसेवक व दाई यांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. मोठे आकडे न येणाऱ्या दाईंसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. उपचार दिलेल्या ६१२ रुग्ण मुलांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले. औषध साधेच होते. ते दारापर्यंत पोचले, हे महत्त्वाचे.

आता आपण काय करायचे? टोळी उतरली की पाच वर्षांखालील मुलांची नावे लिहून आशाताईंकडे द्या. लसीकरणाचे कार्ड परगावचे असले तरी लस येथे मिळते. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस २०२१ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशा वयाला ती देतात. चूल कोपीच्या बाहेर मांडायला सांगा आणि कोपीजवळ पाचट पेटवू देऊ नका. मूल आजारी असेल त्या दिवशी आईचा खाडा धरू नये, असे मुकादमाला सभासदाने स्वतः सांगावे. सभासदाचा शब्द तो मोडत नाही. आणि गाडी आपली काढावी.

आमच्या गटातील फिल्डमन व स्लिपबॉय यांना आम्ही श्वास मोजायला शिकवीत आहोत. यंदा आम्हीही कोपीवरून नुसते बोलून पुढे जाणार नाही.

एक दिवस तोड लांबली तर ऊस उभा राहील. लेकराचा श्वास थांबून राहत नाही.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी