बियाण्याच्या पोटात (भाग ६) : तुरीचा जीनोम आणि मर रोग

डीएनएची अक्षरे यंत्र कशी वाचते, ते मागच्या भागात पाहिले. वाचून झाल्यावर शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, ते या आठवड्यात तुरीवरून पाहू.

यवतमाळ जिल्ह्यात तूर बहुधा जोडीनेच येते. कपाशीची किंवा सोयाबीनची काही तासे, मग तुरीचे एक तास. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघते. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात उभी असते. एवढ्या मुक्कामात तिला गाठतो तो मर रोग. फुलोऱ्यातले हिरवेगार झाड पिवळे पडते आणि बघता बघता वाळते. बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढलेला असतो. खोड उभे चिरले की आत काळपट रेघा दिसतात. जमिनीतली फ्युजेरियम बुरशी मुळांवाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. जुन्या धसकटांवर ती काही वर्षे तग धरते, फवारणीला दाद देत नाही. म्हणून भरवशाचा इलाज एकच, रोगाला पुरून उरणारे वाण.

असे वाण काढण्यासाठी पैदासकार मरग्रस्त शेत मुद्दाम राखतात. तपासायच्या ओळींमध्ये हमखास मरणारे एक वाण लावतात. ते मेले की मातीत रोग आहे याची खात्री पटते. मग शेजारी जे तगले, ते निवडायचे. पद्धत चोख आहे, पण एका निवडीला अख्खा हंगाम जातो आणि मध्यम मुदतीच्या तुरीचा हंगाम वर्षात एकच. त्यात मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणून टाकतात. निवडलेली ओळ शुद्ध राखायची तर झाडे जाळीखाली झाकावी लागतात.

2011 मध्ये दोन गटांनी तुरीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएतली सगळी अक्षरे, वाचून प्रसिद्ध केला. एक दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रातला, नागेंद्रकुमार सिंग यांचा; दुसरा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतला, राजीव वार्ष्णेय यांचा. दोघांनीही मर आणि वांझ या दोन्ही रोगांना टिकणारे ‘आशा’ हेच वाण घेतले. इक्रिसॅटच्या अंदाजाने हा जीनोम 83 कोटी 30 लाख अक्षरांचा आहे. त्यातली सुमारे 60 कोटी जुळवता आली आणि 48,680 जनुकांचा माग लागला. 2017 मध्ये तुरीच्या 292 वाणांचे आणि ओळींचे जीनोम वाचून त्यांची तुलना झाली. तूर प्रथम मध्य प्रदेशाच्या भागात माणसाळली असावी, असे त्यातून दिसले.

या वाचनाचा उपयोग होतो तो ‘मार्कर’मुळे. एसटीतून जाताना ठरावीक वड दिसला की गाव आले हे कळते. वड म्हणजे गाव नव्हे, पण तो चुकत नाही. मार्कर तसाच. हव्या जनुकाच्या लगत असलेला, वाणावाणांत वेगळा असणारा डीएनएचा तुकडा. रोप वीतभर असतानाच पानाचा कपटा प्रयोगशाळेत तपासायचा. खूण असेल ते रोप ठेवायचे, बाकीची काढून टाकायची. रोग येण्याची, शेंगा धरण्याची वाट पाहावी लागत नाही.

हरभऱ्यात याचे फळ दिसले आहे. ‘पुसा 372’ वाणात ‘आयसीसी 4958’ या वाणातला दुष्काळ सोसणारा भाग मार्करच्या मदतीने आणला आणि 2019 मध्ये ‘पुसा 10216’ची शिफारस झाली. त्याच वर्षी मर सोसणारे ‘सुपर अण्णीगेरी 1’ पुढे आले. हरभऱ्याचा जीनोम तुरीनंतर, 2013 मध्ये वाचला गेला, तरी या कामात त्याची गाडी पुढे आहे. हरभरा आपल्याच परागावर फळतो, लवकर निघतो. जास्त दिवस शेतात राहणारी, परपरागही घेणारी तूर पैदासकाराला तिष्ठत ठेवते.

दुसरी अडचण बुरशीची आहे. तिचे प्रकार भागागणिक बदलतात. एका ठिकाणी टिकलेले वाण दुसरीकडे मान टाकू शकते. मरग्रस्त शेतात जे दिसले, त्याच्याशीच मार्कर जोडलेला असतो. तिथली नोंद कच्ची तर खूणही कच्ची. म्हणून यवतमाळसाठी वाण निवडायचे तर चाचणीही इथल्याच काळ्या मातीत, इथल्याच बुरशीसमोर व्हायला हवी. जीनोमने निवडीची वर्षे वाचतात, शेतातली परीक्षा वाचत नाही.

पुढच्या भागात पऱ्हाटी. अमेरिकन कपाशीच्या एका पेशीत दोन वेगळ्या पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात. त्यामुळे तिचे वाचन का अवघड गेले आणि देशी कपाशीचे त्यात काय स्थान, ते पाहू.