घरोघरी जलमापक

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रत्येक सदनिकेला विजेचा मीटर स्वतंत्र असतो, परंतु पाण्याचा मीटर सहसा इमारतीच्या प्रवेशनळावर एकच असतो आणि त्याचे देयक, आदर्श उपविधींनुसार, सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार पाहून वाटले जाते. त्यामुळे एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती आणि सहा जणांचे कुटुंब यांच्यावर सारखाच भार पडतो, हे न्याय्य म्हणता येत नाही.

स्वतंत्र मापनाची खरी अडचण नळरचनेत आहे. गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या उभ्या नळवाहिन्या स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय यांना वेगवेगळ्या जोडलेल्या असल्याने जुन्या इमारतीत एका सदनिकेला एक मापक पुरत नाही, तर प्रत्येक जोडावर एकेक बसवावा लागतो. शिवाय वरच्या मजल्यांवर टाकीची उंची कमी पडून दाब क्षीण असतो आणि पाण्याच्या वेगाने चक्र फिरवणारा यांत्रिक मापक अतिमंद प्रवाह, विशेषतः शौचकुंडाच्या टाकीतील अखंड ठिबक, नोंदवतोच असे नाही. ध्वनिलहरींच्या प्रवासकाळातील फरकावरून प्रवाह मोजणाऱ्या मापकात फिरणारा भागच नसल्याने हा दोष बराच कमी होतो, मात्र तो महाग असतो.

सर्व सदनिकांच्या नोंदींची बेरीज मुख्य मापकापेक्षा बहुधा कमी भरते. बाग, जिने धुणे, गळती आणि न नोंदलेली ठिबक यांतून उरणारी ही तफावत कोणी सोसायची, हे सर्वसाधारण सभेने मापक बसवण्यापूर्वीच ठरवणे अत्यावश्यक आहे.